सगळे जर उडव

पहिलं प्रूफ

पुस्तिकेचं पहिलंच वाक्य असं होतं: 'जर ते पूल ओलांडून आले, तर पहिल्या दिवशी ते अतिशय नम्र असतील.'

मी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

बावीस वर्षं मी या प्रेसमध्ये प्रूफं वाचते. शाळांची प्रगतिपुस्तकं, नगरपालिकेचे अहवाल, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं. पुढच्या पानावर काय असेल याची उत्सुकता यातलं काहीही वाचताना मला कधी वाटली नव्हती. बुधवारी सकाळी साडेआठला पहिल्यांदा वाटली.

'दुसऱ्या दिवशी ते घड्याळं अर्धा तास पुढे लावायला सांगतील, कारण त्यांची वेळ तशी आहे. जर तुम्ही घड्याळ पुढे लावलंत, तर शाळा, दवाखाना, दुकान सगळं त्यांच्या वेळेला उघडेल, आणि आठवड्याभरात तुम्हाला भूकही त्यांच्याच वेळेला लागेल.'

'तिसऱ्या दिवशी दुकानांच्या पाट्या तशाच असतील. जर पाट्या तशाच राहिल्या, तर आपलं काही बदललेलं नाही असं लोक एकमेकांना सांगतील.'

मी पानं भराभर उलटत होते. ते सगळंच्या सगळं भीतीपोटी नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

"कोणी लिहिलंय हे?" मी विचारलं.

"मी," समोरचा माणूस म्हणाला आणि लाजला.

समोर आपत्तीसाहेब बसले होते. जिल्हा कार्यालयात आपत्ती विभाग आहे, त्यात ते एकटेच आहेत. गेली अकरा वर्षं 'पूर आल्यास काय करावे' आणि 'वीज पडत असल्यास काय करू नये' या दोन पुस्तिका तेच लिहितात आणि आम्हीच छापतो. त्यांची बायकोसुद्धा त्यांना आपत्तीसाहेब म्हणते असं ऐकून आहे.

नदीपलीकडच्या देशाला आमच्याकडे सगळे 'थोरला' म्हणतात. कधीकाळी मायेने म्हणत असतील. थोरल्याकडे रणगाडे आहेत. आमच्याकडे काचेच्या बरण्यांचा कारखाना आहे, आणि त्या बरण्या सगळ्यात जास्त थोरलाच विकत घेतो. आम्ही कधी त्याच्या अध्यातमध्यात नव्हतो. तरी गेले नऊ दिवस त्याचं सैन्य पुलापलीकडच्या मैदानात येऊन बसलं होतं. सराव आहे, असं थोरला म्हणत होता. सरावच आहे, असं आमचं सरकारही म्हणत होतं, आणि लगेच पुढे म्हणत होतं की शुक्रवारी दुपारी चार वाजता नदीकाठच्या गल्ल्यांमधले म्हातारे, आजारी आणि लहान मुलं बसने आतल्या गावांत हलवायची. त्याआधी, गुरुवारी सकाळी, घरटी एक पुस्तिका पोचली पाहिजे. बारा हजार प्रती. सोळा पानं.

सोळा म्हणजे सोळाच. सोळा पानं एका मोठ्या कागदावर बसतात; त्याला आम्ही फर्मा म्हणतो. सतरावं पान आलं की दुसरा कागद, दुसऱ्या प्लेटा आणि आणखी एक दिवस. तो दिवस कोणाकडेच नव्हता.

साहेबांनी तेवीस पानं लिहून आणली होती.

"हा भुकेचा परिच्छेद काढावा लागेल, साहेब."

"तो नको. बाकी हवं ते काढा."

"पाणी उकळून प्या, हे काढू?"

"ते खात्याचं आहे. ते राहू द्या."

"पाट्यांचं काढू?"

"पाट्यांचं मला पहाटे सुचलं होतं, बाई."

"मग काय काढू?"

"तुमची पेन्सिल मोडावी अशी माझी फार इच्छा आहे," साहेब म्हणाले. "पण काढा. भुकेचं काढा." आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

असं करत करत मी पान नऊवर आले. ओळ अकरा.

'कुत्रा, मांजर बरोबर घेऊ नका.'

(इथे समासात लिहायचं ते इथेच लिहून टाकते. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तीस वर्षं तिने प्राथमिक शाळेत भाषा शिकवली. ती पुलाच्या बरोबर समोरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. एकटी म्हणजे तिचं मांजर सोडून. चार वर्षांपूर्वी तो बोका पूल ओलांडूनच आला, म्हणून त्याचं नाव पाहुणा. पहिल्या दिवशी दारात बसला, अतिशय नम्रपणे. मग खुर्चीत बसला. आता खुर्चीच्या मध्यभागी तो असतो आणि आई कडेला. मंगळवारी मी तिला बसचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पाहुणा येणार असेल तर मी येते. नाहीतर थोरला आला की मी दार उघडीन आणि बूट बाहेर काढा म्हणून सांगीन. ती हे गमतीत म्हणत नव्हती. आणि ते आले तर त्यांना लागणारं पहिलं दार तिचंच.)

"साहेब, ही ओळ काढू का? जागा वाचेल."

"ती राहू द्या. एका बसमध्ये बेचाळीस माणसं. प्रत्येकाने एकेक मांजर आणलं तर?"

"तर मांडीवर घेतील. मांजराला वेगळी सीट लागत नाही."

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या घरी मांजर आहे."

"माझ्या घरी नाही," मी म्हटलं. ते अक्षरशः खरं होतं.

ओळ राहिली.

दुसरं प्रूफ

दुपारी एक वाजता: सोळा पानं आणि वर सात ओळी.

सात ओळींसाठी एक दिवस वाया जाणार होता. मशीनमामा दारात येऊन उभे राहिले. ते मशीन चालवतात आणि सगळे त्यांना मामा म्हणतात, मालकसुद्धा, आणि मालक त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत. "प्लेटा कधी मिळणार?" त्यांनी फडक्याला हात पुसत विचारलं. "मशीन उभं राहून कंटाळलंय."

"सात ओळी जास्त आहेत, मामा."

"अक्षर बारीक करा."

"म्हाताऱ्या माणसांना वाचायचंय."

"म्हातारी माणसं कधी वाचतात? पोरं वाचून दाखवतात आणि म्हातारी सांगतात असं नसतं."

कॉम्प्युटरवर बटण बसली होती. ती आमची ऑपरेटर. दोन मुलांची आई आहे, पण की-बोर्डवर तिची बोटं अशी पळतात की या नावाशिवाय तिला कोणी हाक मारत नाही. "ताई, काहीतरी सांगा," ती म्हणाली. "ओळी काढा किंवा मला घरी पाठवा."

आणि मला आईचा वर्ग आठवला. तिसरी इयत्ता, दुसरा बाक, मी तिचीच विद्यार्थिनी. आई फळ्यासमोर: 'तू आलास तर मी येईन. पुरं झालं की नाही वाक्य? मग पुढे जर कशाला? जर म्हणजे दारात उभा असलेला शिपाई. साहेब आत आहेत एवढंच सांगायला उभा. आत साहेब दिसतायत ना? मग शिपायाला घरी पाठवा.'

साहेबांचं प्रत्येक दुसरं वाक्य जरने सुरू होत होतं. मी पेन्सिलने मोजले. एकशे चाळीस. एकशे चाळीस शिपाई दारात उभे, आणि आत 'तर' बसलेलाच.

"सगळे जर उडव," मी म्हटलं.

"सगळे?"

"एकही नको."

बटणने तीन कळा दाबल्या. तीनच. "एकशे अठ्ठ्याण्णव उडाले."

मी एकशे चाळीस मोजले होते. इथे मी थांबायला हवं होतं. पण पडद्यावर ओळी वर सरकत होत्या, पानामागून पान आखडत होतं, आणि सोळाव्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ अशी येऊन टेकली की मामांनी दारातच टाळी वाजवली. मोजताना माझीच चूक झाली असेल, असं मला वाटलं. मोजणी बरोबर होती; चूक दुसरीकडे झाली होती.

"मुखपृष्ठावरचा एक राहिलाय," साहेब म्हणाले. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'जर ते आले' होतं, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने हाताने काढलेलं.

"ते चित्र आहे," बटण म्हणाली. "ते उडत नाही."

आमच्याकडे शेवटच्या प्रुफावर एक शिक्का मारतात: 'वाचले. छापा.' त्याखाली माझी सही. बावीस वर्षांत ती सही मी न वाचता केलेली नाही. त्या दिवशी शिक्का मारलेला कागद मामांनी माझ्यासमोर ठेवला आणि त्याच क्षणी फोन वाजला.

"काय ठरलं त्याचं?" आई.

"कोणाचं?"

"मी पाहुण्याबद्दल विचारतेय. थोरल्याचं काय ठरलं ते रेडिओवर सांगतातच."

"आई, बसमध्ये जागा नाही. ओळ छापायला चाललीय. मी काही करू शकत नाही."

"तू तिथे काय करतेस मग?"

"मी चुका दुरुस्त करते."

"मग ही एक चूक आहे. कर."

"ती चूक नाही, तो नियम आहे. मजकूर दुसऱ्याचा असतो, मी तो बदलत नाही."

"लहानपणी माझ्या फळ्यावरचा मजकूर बदलायचीस ते?"

मामा पेन पुढे करून उभे होते. साहेब घड्याळ बघत होते. "आई, मी नंतर बोलते, आई, ऐक तरी," असं म्हणत मी एका हाताने सही केली.

दहा मिनिटांनी मशीन सुरू झालं. आमच्या प्रेसची फरशी जुनी आहे, मशीन पूर्ण वेगात आलं की टेबलावरचे चहाचे कप एकमेकांना भेटायला निघतात. नऊ दिवस सगळ्या गावाने दबक्या आवाजात बोलून काढले होते. आणि आता हा आवाज, खडखडखड, आमचा स्वतःचा. साहेब मशीनजवळ उभे राहून बाहेर पडणारा प्रत्येक कागद असा बघत होते जणू त्यांना जुळी होत आहेत आणि थांबायचं नाव घेत नाहीत.

पान नऊ, आणि बाकीची सगळी

आता एक परिच्छेद मी पुस्तिकेच्या भाषेत लिहिते. म्हणजे समजावून सांगायला नको.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी प्रेसमध्ये ह झाले. सगळ्यांची न माझ्यावर. मी ा खुर्चीत टेकले. बटणने पुस्तिका पुढे केली. पान तीनवर ग वाजला होता. पान सातवर घरात कांदे, बटाटे आणि गा साठवायचे होते. माझी न पान नऊवर गेली, आणि खुर्चीचाच पिंा झाला.

बस. पुढे सांगते.

कॉम्प्युटरला जर हा शब्द ठाऊक नव्हता. त्याला ज आणि र ठाऊक होते. जिथे जिथे ते शेजारी शेजारी बसलेले दिसले तिथून त्याने दोघांनाही उचललं: हजरमधून, नजरेतून, गजरातून. बटणला मी 'सगळे' म्हटलं होतं. तिने सगळे उडवले होते.

'सैनिकांच्या नेला न देऊ नका.'

'ग वाजताच दिवे बंद करा.'

'बसपाशी दुपारी चार वाजता ह राहा.'

'ाही घाबरू नका.'

बारा हजार प्रती. सकाळी सहापासून पोस्टमन आणि शाळांचे शिक्षक घरोघर वाटून मोकळे झाले होते.

फोनवर फोन. आणि मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. लोक चिडलेले नव्हते. बेकरीवाला फोनवर बोलूच शकत नव्हता, इतका हसत होता. "बाई, फक्त एवढंच सांगा," तो म्हणाला, "ग किती वेळ वाजणार?" मुलं गल्लीत धावत होती आणि ओरडत होती, ग वाजला, ग वाजला. केस कापणाऱ्याने दुकानाच्या दारावर खडूने लिहिलं: आज दुकान चालू, ग वाजेपर्यंत. नऊ दिवस हा गाव हसला नव्हता, आणि आता एकदम सगळं साचलेलं बाहेर पडत होतं.

साहेब मात्र आले ते बरण्यांच्या कारखान्यातली भट्टी विझल्यासारखा चेहरा घेऊन. "अकरा वर्षं पुराबद्दल लिहिलं," ते म्हणाले. "एकदाच काहीतरी मनापासून लिहिलं."

"चूक माझी आहे, साहेब. सही माझी आहे."

"हसतायत लोक."

"हसतायत, पण वाचतायत. पुराचं कोणी वाचलं होतं?"

त्यांनी यावर विचार केला. तेवढ्यात पुन्हा फोन.

"वाचलं मी," आई म्हणाली. "दोनदा. लाल पेन घेऊन."

"आई, ते चुकून झालंय, मी..."

"थांब. पान नऊ, ओळ अकरा. 'कुत्रा, मां बरोबर घेऊ नका.' मां म्हणजे कोण?"

"मांजर. त्यातला जर पडलाय."

"मां म्हणजे आई. गाण्यांमध्ये असते ती. आईला बरोबर घेऊ नका असं सरकार म्हणतंय. कुत्र्याच्या शेजारी बसवलंय मला, पण ठीक आहे, मी मनाला लावून घेत नाही. मी कायदा पाळणारी बाई आहे. मी राहते."

"तुला माहितीये ते मांजर आहे."

"मला माहितीये. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही माहितीये. समोरच्या तिघींनाही. त्यासुद्धा कायदा पाळतायत. आमची सकाळी जिन्यात बैठक झाली."

"आई, उद्या चारला बस आहे. ते पुलापलीकडे उभे आहेत, तुला खिडकीतून दिसतायत."

"दिसतायत ना. आज धुणं वाळत घातलंय त्यांनी रणगाड्यावर." मग तिचा आवाज खाली आला. "घाबरत नाही असं नाही गं मी. पण त्याला इथे एकट्याला ठेवून नाही येणार. तू बदलून आण."

"काय बदलून आणू?"

"ते मी सांगायचं का? इतकी वर्षं शिकवून?"

तिने फोन ठेवला. मी मागे वळले तर साहेबही फोनवर होते. नदीकाठच्या दुसऱ्या गल्लीतून शिक्षकांनी कळवलं होतं की एका घरात तिघी सासवा पुस्तिका हातात धरून बसल्या आहेत आणि पान नऊ दाखवत आहेत.

"शुद्धिपत्र काढा," साहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

शुद्धिपत्र

मोठ्या मशीनला प्लेटा लागतात, प्लेटांना वेळ लागतो. मामा मागच्या खोलीत गेले आणि जुन्या पायमशीनवरची चादर त्यांनी ओढून काढली. नऊ वर्षं त्याच्यावर फक्त डबे ठेवले जात होते. शेजारच्या कपाटात शिशाचे खिळे अजून आपापल्या खणांत पडून होते, एकेका अक्षराचा एकेक.

"यात जर उडवायचा असेल ना," मामा बटणला म्हणाले, "तर चिमट्याने एकेक उचलावा लागतो. एकशे अठ्ठ्याण्णव उचलेपर्यंत माणसाला शहाणपण येतं."

"आणि जेवायची वेळ टळते," बटण म्हणाली.

मी मजकूर लिहायला बसले.

*पान ३, ओळ ६: 'ग वाजताच' असे छापले आहे. 'गजर वाजताच' असे वाचावे.*

*पान ५, ओळ २: 'नेला न' असे छापले आहे. 'नजरेला नजर' असे वाचावे.*

*पान ७, ओळ ९: 'गा' असे छापले आहे. 'गाजर' असे वाचावे.*

*पान ८, ओळ १: 'ह राहा' असे छापले आहे. 'हजर राहा' असे वाचावे.*

*पान ९, ओळ ११:*

इथे पेन थांबलं.

चूक माझी, मजकूर तुमचा. आमच्या धंद्याचं सगळं तत्त्व या चार शब्दांत येतं. लेखकाने चंद्र चौकोनी लिहिला तर मी फक्त 'चौकोनी'चं शुद्धलेखन बघते. बावीस वर्षांत मी कोणाच्या 'हो'चं 'नाही' केलं नव्हतं की 'नाही'चं 'हो'. मागच्या खोलीतून खिळे जुळवल्याचा टिकटिक आवाज येत होता. पलीकडच्या मैदानातून काहीतरी जड सरकवल्याचा. मला आईची खिडकी दिसली, खुर्ची, खुर्चीच्या कडेला ती.

मी लिहिलं:

*'मां बरोबर घेऊ नका' असे छापले आहे. 'मांजर बरोबर घ्या' असे वाचावे.*

कान गरम झाले होते. मला धावावंसं वाटत होतं. शाळेत फळ्यावर आईचं वाक्य पुसून माझं लिहिलं होतं तेव्हा असंच वाटलं होतं.

कुत्र्याचं मी काही केलं नाही. एका शुद्धिपत्रात एकच खोटं.

मामांनी ती ओळ जुळवली. खिळे उलटे असतात, आरशातल्यासारखे, पण मामा ते सरळ वाचल्यासारखे वाचतात. त्यांचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं.

"बाई, इथे नका राहिला."

"राहिला नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चौकटीकडे बघितलं.

"माझ्या सुनेकडे तीन आहेत," ते म्हणाले आणि चौकट आवळली.

पहिला कागद मी स्वतः साहेबांकडे नेला. त्यावर शिक्का मारला: 'वाचले. छापा.' साहेब राजधानीशी फोनवर बोलत होते. "हो सर. नाही सर. ग नाही सर, गजर. हो सर, तोच. आमच्या लोकांना कळतं, सर." मी पेन पुढे केलं. त्यांनी खांद्याने फोन कानाला दाबून ठेवला आणि सही केली.

शुक्रवार, चार

शाळेच्या मैदानात बावीस बसेस उभ्या होत्या. साहेबांच्या अंदाजानुसार यादीतली एक तृतीयांश माणसं आली असती. पुराच्या वेळी तेवढीच येतात, बाकीची माळ्यावर जाऊन बसतात. आदल्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता.

पावणेचारला पहिली गल्ली आली. सगळीच्या सगळी. आणि त्यांच्याबरोबर मांजरं.

टोपलीत, उशीच्या अभ्र्यात, शाळेच्या दप्तरात, बाळाच्या गाडीत. एका आजोबांनी मांजर पोपटाच्या पिंजऱ्यात घातलं होतं आणि पोपट खांद्यावर घेतला होता. बेकरीवाल्याची आई पावाच्या ट्रेमध्ये चार पिल्लं घेऊन आली, वर फडकं. मामांची सून तीन हातांची असल्यासारखी चालत होती. मैदानभर म्याव, आणि त्याच्यावर माणसांचं बोलणं, अगं ही तुझी होय, मला वाटलं माझीच, अहो धरा त्याला, बसचं दार लावा आधी.

साहेब यादी हातात घेऊन उभे होते. त्यांनी खिशातून शुद्धिपत्र काढलं. आत्ता, पहिल्यांदा, वाचलं. मी पळून जायला हवं होतं, पण तिथेच उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले. "मी 'घ्या' लिहिलं होतं?"

"त्यावर तुमची सही आहे, साहेब."

"न वाचता केली मी."

"मीही, बुधवारी."

त्यांनी यादीकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. दुसरी गल्ली फाटकातून आत येत होती, तिच्यामागे तिसरी. "सगळे आलेत," ते हळूच म्हणाले. "यादीतलं एकही नाव..." तेवढ्यात कोणीतरी "धरा हो जरा" म्हणत एक करडं मांजर त्यांच्या हातात कोंबलं आणि पिशव्या उचलायला धावलं. साहेबांनी यादी काखेत धरली आणि मांजर दोन्ही हातांत.

आई शेवटी आली. चढ चढून दमली होती, पण इस्त्रीची साडी, काखेत पुस्तिका. तिच्या कापडी पिशवीतून पाहुण्याचं डोकं बाहेर आलं होतं आणि तो मैदानाची पाहणी करत होता.

"आलीस," मी म्हटलं.

"शुद्धिपत्र आलं. मग यावंच लागतं." ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण गाल आतून चावत होती. "जर उडवलेस ना सगळे? मीच शिकवलं होतं. एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं."

"तू फोन केलास म्हणून मी न वाचता सही केली."

"म्हणजे माझ्यावरच आलं फिरून." ती बसच्या पायरीवर चढली. "तू कधी येणार?"

"प्रेस चालू ठेवायचीय. रोज एक पत्रक काढायचंय. मी नंतर येते."

ती पायरीवर थांबली. माझ्या गालावर हात ठेवला, खडूचा हात, अजूनही मला तो खडूचाच वाटतो.

आणि तेव्हा तो वाजला.

पाण्याच्या टाकीवरच्या भोंग्याचा आवाज खालून वर चढत गेला आणि वर जाऊन राहिला. मैदानातला म्यावसुद्धा थांबला.

"ग," एक लहान मुलगी म्हणाली.

कोणीतरी फुसकन हसलं. ते हसू एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये गेलं, बारीक, घाबरलेलं, पण गेलं. मग सगळे एकदम हलले. कोणी धक्काबुक्की केली नाही. पिशव्या खिडकीतून आत, मुलं हातोहात, मांजरं मांडीवर.

"भोंग्याची चाचणी पाचला होती," साहेब मला म्हणाले. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "कोणाचं तरी घड्याळ चुकलं असेल."

"असेल."

"किंवा..."

"बसेस सोडा, साहेब."

त्यांनी करडं मांजर त्याच्या मालकिणीकडे खिडकीतून दिलं आणि हात वर केला. पहिली बस निघाली. दुसरी. आईची अकरावी होती. खिडकीशी ती, तिच्या मांडीवर पाहुणा, आणि पाहुण्याच्या पाठीवर उघडी पुस्तिका. लाल पेन तिने आत्ताच काढलं होतं.

"एक राहिलाय," तिने भोंग्यावर आवाज चढवून सांगितलं.

"काय?"

"जर. मुखपृष्ठावर."

"ते चित्र आहे. उडत नाही."

तिने पुस्तिका मिटून मुखपृष्ठ बघितलं. "मग राहू दे," ती म्हणाली, आणि बसने वळण घेतलं.

मैदानाच्या भिंतीवरून पूल दिसतो. मी बघितलं. साहेबही बघत होते. पुलावर कोणी नव्हतं. पलीकडच्या मैदानातून धूळ उठत होती, पण ती रोजच उठते. भोंगा वाजतच होता. प्रेसच्या दिशेने मोठ्या मशीनचा आवाज सुरू झाला होता. मामांनी कोणाला न विचारता ते चालू केलं होतं.

"बाई," साहेब माझ्याबरोबर भरभर चालत म्हणाले. त्यांच्या कोटाला करडे केस चिकटले होते. "दुसरी आवृत्ती निघाली तर त्यात भुकेचा परिच्छेद घेता येईल?"

मी जवळजवळ धावत होते.

"जर निघाली," मी म्हटलं, "तर."